पुसलेली हळद

माझ्या बायकोची कार्यक्षमता त्रेपन्न टक्के आहे, हे लग्नानंतर सत्तावीस वर्षांनी मला एका यंत्राने सांगितलं. तोवर माझा अंदाज बराच वर होता. आणि हे यंत्र बसवलं कुणी, तर मीच. त्यामुळे तक्रार करायला कुठं जागाही नव्हती.

मी सुकुमार मगदूम, कागलजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा उत्पादनप्रमुख. माझी बायको त्रिशला त्याच कारखान्यात शेवटच्या तपासणीवर आहे. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम करायचे, पंप ओतायचे. आज, २०४१ साली, आम्ही विमानाचा पाय बनवतो. नीट सांगायचं तर पायातला एकच तुकडा. अकरा किलो वजनाचा, टायटॅनियमचा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण आमची पोरं त्याला खुबा म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर आहे. विमान धावपट्टीला टेकतं तेव्हा दोनशे माणसांचा, त्यांच्या बॅगांचा आणि खुद्द विमानाचा भार या खुब्यातून चाकांकडे जातो. कोल्हापूरचा खुबा आजवर कुठं निखळलेला नाही. हे वाक्य मी पाहुण्यांना दिवसातून चार वेळा ऐकवतो, आणि त्रिशला प्रत्येक वेळी दुसरीकडे बघते.

आता त्या यंत्राविषयी. त्याचं कागदावरचं नाव एकात्म उत्पादन मापन प्रणाली. कारखान्यात सगळे त्याला काटा म्हणतात.

कारखाना किती चांगला चालला हे मोजायची एक जुनी रीत आहे. तीन प्रश्न विचारायचे. यंत्र जेवढा वेळ चालायला हवं होतं त्यातला किती वेळ चाललं? चाललं तेव्हा ठरलेल्या वेगाच्या किती टक्के वेगानं चाललं? आणि बाहेर पडलेल्या जॉबपैकी, म्हणजे बनवलेल्या तुकड्यांपैकी, चांगले किती? तिन्ही उत्तरांचा गुणाकार करायचा. हा गुणाकार फार निष्ठुर असतो. तिन्ही विषयांत पंच्याण्णव टक्के मिळवलेत तरी हातात येतात पंच्याऐंशी पूर्णांक सात. पूर्वी हा हिशोब फक्त यंत्रांचा व्हायचा. काट्यानं तो माणसांपर्यंत आणला. छतावरचे कॅमेरे, पायाखालची फरशी, मनगटावरचा पट्टा, सगळीकडून तो माणसाचा एकेक सेकंद उचलतो आणि तीन कप्प्यांत टाकतो. ज्या सेकंदात जॉब सुधारला तो मोलाचा. ज्याशिवाय चालत नाही तो लागणारा. उरलेला वाया. आणि काटा कुणाशी लबाडी करत नाही. माझ्या स्वतःच्या मीटिंगांतला एकसष्ट टक्के वेळ त्यानं तिसऱ्या कप्प्यात टाकला होता, आणि मी तो मुकाट्याने मान्य केला.

हे सगळं कशासाठी, तर स्वमान्यतेसाठी. आमचा प्रत्येक खुबा आमची तपासणी झाली तरी परदेशात जाऊन पुन्हा तपासला जायचा. विमान कंपनीची अट अशी होती की कारखान्याचा आकडा पंच्याऐंशीवर नेऊन दाखवा, मग तुमच्या शिक्क्यावर खुबा थेट विमानाला लागेल, मध्ये कुणी हात लावणार नाही. कोल्हापूरच्या शिक्क्यावर. या दोन शब्दांसाठी मी सात वर्षं घातली होती. आम्ही चौऱ्याऐंशी पूर्णांक तीनपर्यंत पोचलो आणि तिथंच अडकलो.

अडवलं होतं माझ्या बायकोनं.

त्रिशला काळ्या खोलीत काम करते. डोळ्यांना न दिसणारी भेग शोधायची तिथली रीत सोपी आणि सुंदर आहे. जॉब एका चमकणाऱ्या रंगाच्या टाकीत बुडवायचा. रंग इतका पातळ असतो की केसाहून बारीक भेगेतही शिरतो. मग वरचा रंग धुऊन टाकायचा आणि जॉबवर पांढरी पूड फवारायची. भेगेत लपलेला रंग ती पूड हळूहळू बाहेर ओढते. अंधारात जांभळा दिवा लावला की भेग पिवळी-हिरवी चमकते. काट्याचा कॅमेरा हे सोळा मिनिटांत उरकतो. त्रिशलाला एकतीस मिनिटं लागतात, कारण काहीही चमकलं की ती ते अल्कोहोलनं ओल्या केलेल्या ब्रशनं पुसते, पुन्हा पूड मारते, दिवा बंद करते आणि अंधारात दहा मिनिटं नुसती बसते. ही दहा मिनिटं काटा तिसऱ्या कप्प्यात टाकतो. पुसून पुन्हा बघायची रीत पुस्तकात आहे, पण ती शंका असेल तेव्हासाठी. काट्याला शंका येत नसे आणि त्रिशलाला प्रत्येक वेळी येई.

तिच्या गळ्यात दोन दोऱ्या असतात. एक माझ्या नावाची. दुसऱ्या दोरीला तपासनिसाचा शिक्का, क्रमांक चौदा. हा शिक्का उठल्याशिवाय खुबा कारखान्याबाहेर पडत नाही. दोन्ही दोऱ्यांत दुसरी जास्त झिजलेली आहे, आणि हे मी तिला एकदा बोलून दाखवलं होतं तर तिनं ती अभिमानानं उजेडात धरून पाहिली.

काट्याची शिफारस गणपतीच्या सुमारास आली. काळ्या खोलीतला माणूस अनावश्यक; शिक्का क्रमांक चौदा परत घ्यावा; यामुळे कारखान्याचा आकडा पंच्याऐंशीवर जाईल. खाली उत्पादनप्रमुखाच्या सहीची जागा. काट्याचा नियम असा की ज्याच्याविषयी शिफारस, त्यालाही ती त्याच क्षणी कळवायची. हा नियमही माझाच. मी घरी काय बोलायचं ते गाडीत तीनदा घोकलं, आणि घरी पोचलो तर ती सगळं वाचून शेंगा सोलत बसली होती.

धीर नसला की माणूस आकडे सांगतो. मी आकडे सांगितले. तीन वर्षांत काटा आणि ती, दोघांनी मिळून नऊ हजार जॉब तपासले होते. तिनं थांबून जे शोधलं आणि काट्यानं शोधलं नाही, अशा भेगा शून्य. तिला प्रशिक्षण केंद्रावर घेऊ, मान कमी होणार नाही, पगार तोच राहील, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या काट्याला एक विचारा," ती म्हणाली. "मी अंधारात थांबतो तेव्हा काय करतो, ते त्याला ठाव हाय काय?" (आमच्याकडे बायकाही 'मी थांबतो' असंच म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.)

त्याच्याकडे त्यासाठी रकानाच नाही, मी म्हणालो.

"मग वाया लिवलंय ते बराबर हाय. करा सही."

ती रागावली होती की नाही, हे मला सत्तावीस वर्षांच्या अनुभवावरूनही सांगता आलं नाही. मी सही केली. दसऱ्यानंतरच्या महिन्याच्या एक तारखेपासून शिक्का जमा. त्या रात्री जेवताना तिनं भाकरी मोजून वाढली आणि माझ्या जेवणातली किती मिनिटं मोलाची होती ते विचारलं. तेव्हा कळलं, की रागावली होती.

इथं हळदीची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याइतका मला दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता.

काटा बसवला त्या पहिल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या आठवड्यात त्यानं एकदम एकेचाळीस जॉब नापास केले. सगळ्यांवर पिवळे-हिरवे ठिपके. कारखाना हादरला. त्रिशलानं ते ठिपके पुसले, थांबली, आणि बाहेर येऊन म्हणाली की भेगा नाहीत, ही हळद आहे. जांभळ्या दिव्यात हळदही चमकते, आणि नेमकी त्या रंगासारखीच. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झालेली, ट्रॉल्यांवर, हातमोज्यांवर, हवेत, सगळीकडे हळदीचे कण. जॉब धुऊन निघाला तरी ते पुन्हा येऊन बसत होते. जगात कुठल्याच विमान कारखान्याला ही अडचण आलेली नव्हती, कारण जगात कुठलाच विमान कारखाना यंत्राला हळद लावत नव्हता.

पूजा बंद करा, असं वरून सुचवण्यात आलं. मी म्हणालो, पूजा राहील आणि काटाही राहील. डोळ्याला दोन्ही चमक सारख्याच दिसतात, पण दिवा मालवला की त्या विझायला वेगवेगळा वेळ लागतो. हळदीची चमक रंगापेक्षा लवकर विझते. फरक सेकंदाच्या अब्जांशातला, पण कॅमेऱ्याला तो पकडता येतो. सहा महिने खपून मी काट्याला हळद ओळखायला शिकवलं. त्यानंतर चमक दिसली की काटा आधी विचारायचा, हळद की रंग? हळद असेल तर हिरवा दिवा. परदेशातल्या परिषदेत मी यावर बोललो तेव्हा लोक उठून उभे राहिले. उद्यमनगरातल्या ओताऱ्याचा पोरगा हळदीवर बोलत होता आणि विमानवाले टिपून घेत होते.

तर मी सही केली त्या वर्षीची ती खंडेनवमी. नव्या विमानाच्या खुब्याचा पहिला जॉब दोन दिवस आधी तयार झाला होता. दसऱ्यानंतर विमान कंपनीच्या गुणवत्ता विभागातल्या कुरियन बाई स्वतः येणार, त्यांच्यासमोर या पहिल्या जॉबची तपासणी होणार, आणि तीच स्वमान्यतेची शेवटची पायरी. सकाळी झाडलोट झाली, झेंडूच्या माळा लागल्या, नारळ फुटले. हळद फक्त यंत्रांच्या दारावरच्या ठरलेल्या पट्टीवर लावायची, जॉब कपाटात कुलूपबंद ठेवायचे, असा आमचा नियम आहे. त्याखाली माझी सही आहे. सगळी यंत्रं बंद होती. काट्याचीही पूजा असते, म्हणून तोही बंद होता.

सगळे पेढे खायला बाहेर गेले आणि मी एकटा कपाटापाशी राहिलो. माझे वडील भट्टीतला पहिला पंप थंड झाला की त्याला हळदीचं बोट लावायचे. त्याशिवाय तो पंप दुकानाबाहेर गेला नाही. मी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि खुब्याच्या खांद्यावर, जिथं भार सगळ्यात जास्त येतो तिथं, बोट टेकवलं. मला भरून आलं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मग भानावर आलो. अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं ती जागा तीन वेळा घासून पुसली. स्वच्छ. कुणाला सांगितलं नाही, त्रिशलालाही नाही.

कुरियन बाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, हातात जुन्या पद्धतीची वही. काळ्या खोलीत आम्ही तिघंच होतो आणि भिंतीवर काट्याचा पडदा. जॉब टाकीतून निघाला, धुतला गेला, पूड बसली. जांभळा दिवा लागला. खुब्याच्या खांद्यावर एक बारीक पिवळी-हिरवी रेघ उजळली, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी.

काट्याला सहा सेकंद लागले. हळदीचा अंश. दोष नाही. खात्री नव्व्याण्णव पूर्णांक सात. हिरवा दिवा.

कुरियन बाईंनी भुवया उंचावल्या आणि मी संधी साधली. हळदीची सगळी गोष्ट मी त्यांना इंग्रजीत सांगितली, एकेचाळीस जॉबांपासून परिषदेपर्यंत. त्या हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात त्रिशलानं ब्रश ओला केला, रेघ पुसली, पूड मारली आणि दिवा बंद केला.

पडद्यावर तिसरा कप्पा उघडला आणि लाल आकडे धावायला लागले. एक मिनिट वाया. दोन मिनिटं वाया. त्या अंधारात फक्त ते आकडे दिसत होते. कुरियन बाईंनी घड्याळ पाहिलं. मी त्रिशलाच्या कानाशी जाऊन शिक्का मार म्हणालो. तिनं दहा मिनिटांनी दिवा लावला. रेघ परत आली होती, त्याच जागी.

काटा म्हणाला, हळद. खात्री नव्व्याण्णव पूर्णांक आठ.

तिनं पुन्हा पुसली. पुन्हा दहा मिनिटं. कारखान्याचा दिवसाचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरत होता. दिवा लागला. रेघ फिकी झाली होती, पण होती.

"पुसलेली हळद परत येत न्हाई," त्रिशला म्हणाली. पाहुण्यांसमोर ती एरवी असं बोलत नाही. "परत येतीया, म्हंजे आतनं येतीया."

मग तिनं कुरियन बाईंना स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की हा जॉब नापास आहे, आणि शिक्का परत पदराआड घातला.

मला तेव्हा सगळं एकदम कळलं. काटा खोटं बोलत नव्हता. ती हळदच होती. कच्चा जॉब बाहेरच्या घडाईखान्यातून आमच्याकडे आला तेव्हाच त्याच्या खांद्यात भेग होती. मी अल्कोहोलनं हळद पुसली तेव्हा ती अल्कोहोलमध्ये विरघळली, आणि टीपकागद शाई ओढतो तशी भेगेनं ती आत ओढून घेतली. अल्कोहोल उडून गेलं, हळद तळाशी बसली. पुढं टाकीतल्या रंगाला आत जायला जागाच उरली नाही. म्हणून भेग रंगानं न चमकता हळदीनं चमकली. काट्याला विचारलं होतं, हळद की रंग? त्यानं खरं उत्तर दिलं. हळद कुठं आहे, वर की आत, हे विचारायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. तो प्रश्न फक्त थांबून विचारता येतो.

"पण आत गेली कशी?" कुरियन बाईंनी विचारलं. हवेतून जाऊ शकते का?

हो म्हणणं फार सोपं होतं. त्या दिवशी काटा बंद होता, पाहिलेलं कुणी नव्हतं. हवेतल्या कणांवर माझाच निबंध होता. सात वर्षांची मेहनत होती. पण घरी जाऊन आरशात मलाच मला तोंड दाखवायचं होतं. त्रिशला खाली मान घालून ब्रश पुसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी खोटं बोललो असतो, नवरा बायकोला बोलतो तसं. ती पाहत नव्हती.

"मी लावली," मी म्हणालो. "खंडेनवमीला. पहिला जॉब म्हणून."

कुरियन बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्रिशला हळूच म्हणाली, "तरीच. नेमकी बोट टेकायची जागा."

खुबा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. भेग दिसायला तीन मिलिमीटर, खोल जवळपास एक. घडाईच्या वेळी धातूची घडी पडली होती, ती आमच्याकडे येण्याआधीच. त्या जागी, त्या भाराखाली, ती वाढत गेली असती. घडाईच्या त्याच खेपेतले बाकीचे जॉब तपासले तेव्हा आणखी दोन भेगा निघाल्या. त्यांना मी हळद लावलेली नव्हती, आणि त्या दोन्ही काट्यानं बिनचूक पकडल्या, तेही सोळा मिनिटांच्या आत. हेही सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

स्वमान्यता सहा महिने पुढे गेली. घडलेल्याचा अहवाल मी माझ्या नावानं लिहिला. शिक्का क्रमांक चौदा परत घ्यायचा कागद फाडला. माझाही एक शिक्का आहे, क्रमांक तीन. तो मी सहा महिन्यांसाठी जमा केला. नियम मोडणाऱ्याला तेवढी शिक्षा आहे आणि तो नियमही माझाच आहे.

मग मला वाटलं की आता चूक दुरुस्त करू. एका रविवारी मी त्रिशलाला सांगितलं की मी काट्यात बदल करतोय. तुझी दहा मिनिटं तिसऱ्या कप्प्यातून काढून पहिल्या कप्प्यात टाकतो, मोलाची म्हणून. तुझे त्रेपन्न टक्क्यांचे पंच्याऐंशी होतील. कारखानाही आपोआप पंच्याऐंशीवर जाईल. मला वाटलं ती खूश होईल.

"नको," ती म्हणाली. "नऊ हजार जॉबांत कितींदा कामाला आलं माझं थांबणं? येकदा. बाकीच्या टायमाला वायाच की ते. नाव बदलून आकडा वाढवला, तर मग तो काटा कसला?"

मग तुला कायम त्रेपन्न ठेवू का, मी विचारलं.

"ठेवा. दिसू दे लोकांस्नी, आपण किती वाया घालवायला तयार हाय ते."

हे वाक्य मी कुरियन बाईंना पाठवलेल्या पत्रात जसंच्या तसं घातलं, भाषांतर करून. पंच्याऐंशी होणार नाहीत, असंही कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. चौऱ्याऐंशी पूर्णांक तीन मान्य. काळ्या खोलीतली थांबण्याची रीत कमी केल्यास स्वमान्यता रद्द समजावी. पहिला खुबा कोल्हापूरच्या शिक्क्यावर थेट विमानाला लागला तो पुढच्या चैत्रात. शिक्का चौदा नंबरचा होता. माझा अजून कपाटातच होता, आणि त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

काट्याचा मोठा पडदा आमच्या दारातच आहे. पाहुणे आले की आधी तो आकडा पाहतात. शहाणे असतात ते विचारतात, एवढं सगळं केलंत, मग सात दशांशासाठी का अडलात? ते कुठं जातात? मी त्यांना काळ्या खोलीपर्यंत नेतो. दारावर लाल दिवा लागलेला असतो, म्हणजे आत जायचं नाही. मी त्यांना तिथंच उभं करतो आणि आवाज खाली आणून सांगतो, ते इथं आहेत. आत माझी बायको थांबली आहे.